दप्तर वाहिले आम्ही, वाचले दुसऱ्यांनी

माहितीच्या अधिकाराचा इतिहास आपल्याकडे ठरलेल्या ठिकाणी सुरू होतो. राळेगणसिद्धी, आझाद मैदान, उपोषण, वर्तमानपत्रातले फोटो आणि मग 2005 चा कायदा. कुणी जास्त वाचलेला असेल तर तो 1766 सालच्या स्वीडनपर्यंत जातो, कारण जगातला असा पहिला कायदा तिथे झाला. यातले काहीच खोटे नाही. पण हे वाचून मनावर ठसा असा उमटतो की कागद लपवणे ही सरकारी बाबूंची वाईट खोड होती आणि काही सज्जनांनी ती मोडली. आम्हाला हे मान्य नाही. महाराष्ट्रात कागद ताब्यात ठेवणे ही खोड नव्हती, ते वतन होते. पिढीजात, जातीने मिळालेले आणि सरकारने राखलेले. ज्यांच्याकडे ते वतन नव्हते त्यांच्या बाजूने हा इतिहास सांगायचा ठरवला तर तो कुठून सुरू होईल?

गावच्या कुलकर्ण्याच्या ओसरीवरून.

गावगाड्यात पाटील वसूल करी आणि कुलकर्णी तो लिही. जमीन कुणाची, सारा किती, बाकी किती, कोणत्या साली सूट मिळाली, सगळे त्याच्या रुमालात बांधलेले. लिपी मोडी. महाराचे काम काय? वेशीवर राखण, आलेल्या अंमलदाराची सरबराई, मेलेली ढोरे ओढणे, सांगावे पोचवणे, गावचा वसूल तालुक्याला जाताना सोबत चालणे आणि दप्तराचा रुमाल डोक्यावर वाहणे. त्याच महाराला शिवेच्या तंट्यात साक्षीला बोलावत, कारण गावची शीव त्याच्या पायांना ठाऊक असे. म्हणजे जमीन कुठवर आहे हे महाराला माहीत आणि ती कुणाच्या नावावर आहे हे कुलकर्ण्याला माहीत. तंटा कचेरीत गेला की पायांची माहिती तोंडी ठरायची आणि रुमालातली लेखी. कोणती टिकत असेल हे वाचकांना सांगायला नको.

जोतीराव फुल्यांनी ही गोष्ट नेमकी पकडली. 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुलकर्णी आणि कचेरीतले ब्राह्मण कामगार अडाणी शेतकऱ्याला कागदावर कसे नागवतात याची चिरफाड आहे. त्याच्या आदल्या वर्षी, 19 ऑक्टोबर 1882 रोजी, हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला एक हिशेबाचा प्रश्न विचारला होता : सारा भरतो कष्टकरी रयत, मग तो पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर का खर्च होतो? आज आपण अर्जात ‘प्राप्त निधी व झालेला खर्च’ असे लिहितो, तो हाच प्रश्न आहे. पुणे नगरपालिकेतही जोतीराव सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला तेव्हा विरोधात एकट्या जोतीरावांचे मत पडले. नगरपालिकेचा पैसा शोभेवर उधळण्याऐवजी शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. पुण्याच्या सार्वजनिक पैशाचा जाब मागणारा हा माणूस माहिती अधिकाराच्या कुठल्याही पोस्टरवर आम्हाला दिसलेला नाही.

1918 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन खालसा केले आणि पगारी तलाठी नेमले. त्यात अस्पृश्य समाजातले शिकलेले तरुणही होते. दप्तर वाहणाऱ्याच्या घरातला मुलगा दप्तर लिहायला बसला. आमच्या हिशेबाने महाराष्ट्रातल्या माहिती अधिकाराची पहिली अंमलबजावणी ही.

आता 1923 साल पाहा. त्या वर्षी दिल्लीच्या सरकारने शासकीय गुपिते अधिनियम केला, म्हणजे कागद झाकण्याचा कायदा. त्याच वर्षी 4 ऑगस्टला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. तळ्यावर मात्र काही बदलले नाही. मार्च 1927 मध्ये बाबासाहेबांनी काय केले? दप्तरात पडून असलेला ठराव पायी चालत तळ्यावर नेला. पुढे सनातन्यांनी दिवाणी दावा लावला आणि तळे खाजगी की नगरपालिकेचे, वहिवाट प्राचीन की बनावट, हा वाद सरकारी नोंदी आणि साक्षी यांवर दहा वर्षे चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. सत्याग्रहाचा वर्धापनदिन आपण दरवर्षी साजरा करतो. त्या दाव्यातल्या कागदांचा अभ्यास किती जण करतात, हे एकदा आपल्याच शाखेत विचारून पाहावे.

बाबासाहेबांना कागदाची ताकद कळत होती म्हणूनच त्यांनी वतनाच्या कायद्याला हात घातला. 19 मार्च 1928 रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदाराच्या कामाला मर्यादा नाही, वेळ नाही, पगार म्हणावा असा पगार नाही, आणि बदल्यात मिळालेल्या हाडकी-हाडोळ्याच्या तुकड्यासाठी सगळी जात गावाला बांधलेली, हे त्यांचे निदान होते. विधेयक पार पडले नाही. वतने गेली ती त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियम 1958 ने, 1 ऑगस्ट 1959 पासून. जमीन सरकारजमा झाली आणि आकाराच्या तिप्पट रक्कम भरल्यावर वतनदाराला परत मिळू लागली, पण नव्या शर्तीने : जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही.

ही शर्त राखणीसाठी होती. प्रत्यक्षात काय झाले ते महाराष्ट्रातल्या बहुतेक बौद्ध वस्त्यांना तोंडपाठ आहे. कुठे रक्कम भरायची असते हेच कुणी सांगितले नाही, म्हणून जमीन सरकारच्याच नावावर राहिली. कुठे साठेखतावर, कुठे कुलमुखत्यारपत्रावर आजोबांचे अंगठे घेतले गेले. कुठे फेरफार पडला आणि घरी नोटीस आलीच नाही. जमीन गेली ती कागदावरून, आणि कागद पाहायला मिळत नव्हता.

तो कागद ठेवलेला असतो पुण्यात. मंत्री मुंबईत बसतात, कागद पुण्यात राहतो, हे आमचे जुने निरीक्षण आहे. जमाबंदी आयुक्त आणि संचालक भूमी अभिलेख पुण्यात. नोंदणी महानिरीक्षक पुण्यात. समाजकल्याण आयुक्तालय पुण्यात, बार्टी पुण्यात. 1818 नंतर इंग्रजांनी ताब्यात घेतलेले आणि इनाम कमिशनने इनामदारांचे हक्क तपासताना चाळलेले पेशवे दप्तरही पुण्यातच. त्या दप्तरात संशोधकांनाही सहज प्रवेश नव्हता. 1930 नंतर गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली निवडक कागदांचे 45 खंड निघाले, तेव्हा कुठे दार किलकिले झाले. सरकारने निवडावे आणि लोकांनी तेवढेच वाचावे, ही रीत नवी नाही.

2005 चा कायदा आला तो ही रीत उलटी करायला. त्याची तयारी उपोषणांनी झाली हे खरे, पण ती रोजगाराच्या कामावरही झाली. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनावण्या घेतल्या. खडी फोडणाऱ्या बायांनी मस्टरवर आपल्या नावापुढे कुणाचे अंगठे आहेत ते पाहायला मागितले, आणि 1996 मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे धरले. आपल्याकडे रोजगार हमी 1972 च्या दुष्काळापासून चालू होती, खोटे मस्टरही तेव्हापासूनच चालू होते. महाराष्ट्राने 2000 साली केलेला माहितीचा कायदा इतका पोकळ होता की तो बदलून 2002 चा आणावा लागला, आणि त्याला राष्ट्रपतींची संमती मिळायला ऑगस्ट 2003 उजाडला. सर्वोच्च न्यायालयाने तर 1975 च्या राज नारायण खटल्यातच सरकारच्या कामाची माहिती हा लोकांचा हक्क मानला होता, आणि पुढे हा हक्क संविधानाच्या कलम 19(1)(क) मध्ये असल्याचे पक्के झाले. ते कलम संविधानसभेत कुणाच्या देखरेखीखाली उतरले ते आम्ही सांगायला नको. तिथून कायदा व्हायला आणखी तीस वर्षे लागली.

12 ऑक्टोबर 2005 रोजी कायदा लागू झाला आणि देशातला पहिला अर्ज पुण्यातच एका पोलीस ठाण्यात दाखल झाला. अर्जदार होते पत्रकार शाहिद रझा बर्नी. पुढच्या काळात पुण्यातल्या सजग मंडळींनी हा कायदा खूप वापरला हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. महेश झगडे आयुक्त असताना पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत सुरू झाली, आणि 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाने ती जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना लागू झाली. संविधान दिनाचा निर्णय आहे, लक्षात ठेवा. किंमतही याच परिसराने मोजली. द्रुतगती महामार्गालगतच्या जमिनींचे घोटाळे बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांचा 13 जानेवारी 2010 रोजी तळेगाव दाभाडे येथे खून झाला.

कायद्याचे गमक एका छोट्या कलमात आहे. कलम 6(2) : माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराला विचारता येत नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे ‘तुला कशाला पाहिजे रे?’ असेच विचारले गेले, त्याच्यासाठी याहून मोठे वाक्य नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तोही नको. तीस दिवसांत उत्तर, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत. उत्तर नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील, तिथेही नाही तर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आणि इथे गाडी थांबते.

आयोग हा या कायद्याचा कणा. दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25 हजार, असा दंड अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल करण्याचा अधिकार फक्त त्याला. पण कायद्याने पहिल्या उत्तराला मुदत घातली, पहिल्या अपिलाला घातली, आयोगाच्या निकालाला घातली नाही. ही फट कुणी चुकून ठेवली असे आम्हाला वाटत नाही. कायद्यानुसार मुख्य आयुक्तांशिवाय आणखी दहापर्यंत आयुक्त नेमता येतात. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर महाराष्ट्राचे चित्र आले ते असे : मुख्य माहिती आयुक्ताची खुर्ची रिकामी, आयुक्त फक्त चार, प्रलंबित प्रकरणे 1 लाख 15 हजारांच्या वर. एका आयुक्ताने दिवसाला वीस प्रकरणे, वर्षात अडीचशे दिवस, एकही नवे अपील न घेता निकाली काढली असती तरी ढीग संपायला जवळपास सहा वर्षे लागली असती. जागा भरल्या नाहीत तर हा कायदा निर्जीव अक्षर बनेल, असे न्यायालयाला बजावावे लागले. पुढे काही खुर्च्या भरल्या गेल्या. ढीग मात्र एका नेमणुकीने उतरत नाही.

आणि खुर्चीवर बसतो कोण? कायदा सांगतो की विधी, विज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, प्रशासन अशा क्षेत्रांतली नामवंत माणसे घ्या. पुण्याच्या खंडपीठाने विजय कुवळेकरांसारखा पत्रकार आयुक्त पाहिला आहे. पण देशभरात भरणा निवृत्त सनदी अधिकाऱ्यांचाच. 2019 च्या अंजली भारद्वाज निकालात सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर बोट ठेवले. ज्याने तीस वर्षे फाइल राखली तोच फाइल उघडायची की नाही हे ठरवणार. अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त यांतून एक तरी आयुक्त असावा, असे बंधन कायद्यात नाही. त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून आयुक्तांची पाच वर्षांची हमी काढली आणि पगार व मुदत केंद्राच्या हाती दिली. नव्या नियमांनी मुदत तीन वर्षांची झाली, राज्यांच्या आयुक्तांचीसुद्धा. संघराज्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी तेव्हा फारसा आवाज केला नाही.

इथे कुणी म्हणेल, माहिती अधिकाराच्या नावावर खंडण्या गोळा करणारेही आहेत. आहेत. आपल्यातही आहेत, आणि निळा रुमाल गळ्यात घालून तो धंदा करणाऱ्याला आम्ही कार्यकर्ता म्हणत नाही. पण त्यांचे निमित्त करून प्रत्येक चिवट अर्जदारावर ‘सवयीचा अर्जदार’ असा शिक्का मारला जातो. खंडणीला वेगळा कायदा आहे, गुन्हा दाखल करा. कलम 4 प्रमाणे सतरा बाबींची माहिती स्वतःहून जाहीर करा, खंडणीखोराकडे विकायला काही उरणार नाही.

आता ताजा घाव. मूळ कलम 8(1)(ञ) खाजगी माहितीला संरक्षण देत होते, पण सार्वजनिक कामाशी किंवा जनहिताशी संबंध असेल तर ती द्यावी लागे, आणि विधिमंडळाला नाकारता येत नाही ती माहिती नागरिकालाही नाकारता येणार नाही असे बजावले होते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम 44(3) ने हे सगळे पुसले आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच नाकारण्याचे कारण उरले. नोव्हेंबर 2025 पासून ते लागूही झाले. कलम 8(2) मधला जनहिताचा दरवाजा शिल्लक आहे, हे खरे. पण तो ढकलायचा कुणी? आधी माहिती अधिकाऱ्याने, नाहीतर वर सांगितलेल्या ढिगाखालच्या आयोगाने.

याचा फटका कुणाला? बोगस जात प्रमाणपत्रांवर राखीव जागा बळकावणाऱ्यांची नावे लोकांनी अशाच अर्जांतून बाहेर काढली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगदीश बहिरा प्रकरणात अशा नोकऱ्यांना संरक्षण नाही असे सांगितले, आणि 2019 मध्ये राज्य सरकारने त्यांच्यासाठी अधिसंख्य पदांची सोय केली. आता प्रमाणपत्र ही वैयक्तिक माहिती. शिष्यवृत्ती कुणाला मिळाली, घरकुल कुणाच्या नावावर उचलले, मस्टरवर कोण, सगळी नावेच आहेत. आमच्या वाट्याचा पैसा नावांच्या याद्यांमधून येतो आणि नावांच्या याद्यांमधूनच गळतो. नाव झाकले की गळती दिसत नाही. 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी दुसऱ्या योजनेकडे वळवल्याची तक्रार खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीरपणे केली. मंत्र्याला जे कळायला उशीर होतो ते वस्तीतल्या पोराने कोणत्या कागदावरून शोधायचे?

त्याच नोव्हेंबरात मुंढव्याच्या जमिनीचा बोभाटा झाला. सुमारे 40 एकर महार वतन, बॉटनिकल सर्व्हे ऑफ इंडियाकडे भाडेपट्ट्याने असलेली जागा, 300 कोटींचे खरेदीखत आणि मुद्रांक शुल्क 500 रुपये, असे वर्तमानपत्रांनी छापले. चौकशी समिती बसली, अधिकारी निलंबित झाले. दोषी कोण ते चौकशीने ठरवावे. आमचा मुद्दा वेगळा आहे. मुंढवा गाजले कारण नावे मोठी होती. ज्या शेकडो गावांत हाडोळा गेला आणि नावे मोठी नव्हती, तिथे समिती बसणार नाही. तिथला कागद आपणच मागायचा आहे.

तो कसा मागायचा, याचा एक अनुभव सांगतो. आमच्यातल्या एकाच्या आजोळच्या गावी, वतनाच्या जमिनीचे कागद आम्ही एका तालुका कार्यालयात मागितले : गाव नमुना तीन, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, 1959 नंतरचे फेरफार आणि पुनःप्रदानाचा आदेश. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले, ‘सदर अभिलेख आढळून येत नाही.’ हे वाक्य वाचून बहुतेक अर्जदार घरी जातात. आम्ही पहिल्या अपिलात एवढेच लिहिले की महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 प्रमाणे अभिलेख बेकायदा नष्ट करणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, तरी अभिलेख नष्ट झाला असल्यास त्याची नोंद आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम द्यावे. सुनावणीनंतर अकराव्या दिवशी रुमाल सापडला.

कागद मिळाला आणि नवी अडचण उभी राहिली. जुनी पाने मोडीत. कायदा प्रत देतो, वाचून देत नाही. 2023 नंतर कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी राज्यभर मोडी जाणकार कामाला लागले आणि लाखो नोंदी सापडल्या. मराठा बांधवांना त्यांचे कागद मिळाले याबद्दल आमची तक्रार नाही. यावरून एवढे कळले की सरकारने मनावर घेतले तर दप्तर वाचता येते. वतनाच्या नोंदींसाठी तसाच आदेश काढायला काय हरकत आहे, असे निवेदन आम्ही दिले आहे. तोवर पानामागे पैसे मोजून एका जाणकार गृहस्थांकडून वाचून घेतले.

पानावर चार नावे निघाली. आडनावे नाहीत, नुसते ‘महार’. पुढे जमिनीचा सर्व्हे नंबर आणि आकार. आमच्या मित्राच्या आईने त्यातले तिसरे नाव ओळखले, ते तिच्या पणजोबांचे. त्या नंबरात आज वीटभट्टी आहे. 1971 च्या एका फेरफाराने जमीन दुसऱ्या नावावर गेल्याचे दिसते, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा आदेश क्रमांक त्यात लिहिलेला नाही. त्या आदेशाची प्रत मागणारा अर्ज मागच्या मंगळवारी टाकला आहे. पोच घेतली आहे, तीस दिवस मोजतो आहोत.